सीएनजी वॅगन-आरमध्ये अँपची (अँप्लिफायरची) वायर बॅटरीपासून आत कशी घ्यायची? (इंदूर, बजेट 2500)

सुदामानगरी:
नमस्कार मंडळी. पुण्याच्या दादाने गाडी विकली तेव्हा त्यातला 4 चॅनलचा अँप काढून मला दिला. 60 वॉट आरएमएस (म्हणजे सतत मिळणारी ताकद) गुणिले 4, क्लास एबी, मागे 20-20 अँपिअरचे दोन फ्यूज. वायरिंग मात्र गाडीबरोबरच गेलं म्हणे. माझी वॅगन-आर कंपनी फिटेड सीएनजी आहे, डिकीत सिलिंडर, म्हणून अँप पुढच्या डाव्या सीटखाली ठेवायचा विचार आहे. प्रश्न एवढाच की बॅटरीपासून पॉझिटिव्ह केबिनमध्ये कुठून आणायचा, वायर कुठली घ्यायची आणि आपल्याकडे हे नीट करणारं कोणी आहे का. वायरिंगचं बजेट 2500. सबवूफर नकोय, आधीच सांगून ठेवतो.

राजवाडा_बास:
सबवूफर नाही तर अँप कशाला भिया, हीटर म्हणून? 12 इंची घे, मोनोब्लॉक (सबवूफरचा एकाच चॅनलचा अँप) घे, 4 गेजची जाड वायर एकदाच टाकून मोकळा हो. माझे सगळे मिळून 38 हजार गेले पण छप्पन दुकानवर गाडी लावली की लोक पोहे खाता खाता वळून बघतात. वायर कुठून नेली ते माहीत नाही, दुकानवाल्याने केलं सगळं.

सुदामानगरी:
बजेट 2500 आहे आणि डिकीत सिलिंडर आहे.

राजवाडा_बास:
मग मागची सीट काढ.

मंडळातून_रिटायर्ड:
चिरंजीव, आधी हिशोब करा, खरेदी नंतर. 240 वॉट बाहेर हवे असतील तर आत जास्त जातात. क्लास एबी अँप आत गेलेल्यातलं 60 टक्केच बाहेर देतो असं धरू, झाले 400 वॉट. इंजिन चालू असताना 13.8 व्होल्ट, म्हणजे साधारण 29 अँपिअर, तेही सगळे चॅनल पूर्ण जोरात असताना. याला 10 स्क्वेअर एमएमची तांब्याची फ्लेक्सिबल वायर आणि 40 चा फ्यूज पुष्कळ झाला. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटीमीटरच्या आत, जितका जवळ तितका उत्तम. अँपच्या मागे दोन फ्यूज आहेत या भरवशावर राहू नका. वायर मधेच कुठे घासून बॉडीला टेकली तर करंट तिथूनच परत फिरतो, अँपपर्यंत पोचतच नाही, मग ते फ्यूज उडणार कशाने? बॅटरीजवळचा फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. नोकरीत हे समजावता समजावता केस गेले, ऐकत कोणी नव्हतं.

जुगाडू_राऊवाला:
एवढं काही लागत नाही हो काका. घराच्या कामातली 4 स्क्वेअरची वायर उरली होती तीच टाकली, पुढे 32 चा एमसीबी (घरच्या बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) लावला, मस्त चालून राहिलंय. खर्च शून्य.

मंडळातून_रिटायर्ड:
घरातली साधी पीव्हीसी वायर 70 डिग्रीपर्यंतची असते. मे महिन्यात बॉनेट उघडून इंजिनशेजारी हात ठेवून बघा. शिवाय घरचा एमसीबी घरातल्या एसी करंटसाठी बनलेला, गाडीतल्या बॅटरीच्या डीसी करंटसाठी नाही, आणि बॉनेटखालच्या हादऱ्यासाठी तर नाहीच.

जुगाडू_राऊवाला:
चालू आहे ना पण.

भेरूघाट_मार्गे:
चालू असतं तोपर्यंत चालूच असतं. आमच्या गाडीत एका दुकानवाल्याने (नाव घेत नाही) वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्याच्या भोकातून तशीच ओढली होती, रबर नाही, काही नाही, आणि फ्यूज तर बॅटरीपासून लांब, आत डॅशबोर्डखाली. ओंकारेश्वरला चाललो होतो, भेरू घाटात उतारावर जळका वास आला, मला वाटलं पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा आहे. मग एसीतून धूर. ह्यांनी गाडी कडेला घेतली, नशीब की 10 नंबरचा पाना डिकीत होता, बॅटरीचा निगेटिव्ह काढला तेव्हा थांबलं. नंतर बघितलं तर पत्र्याच्या धारेने रबर कापून तांबं उघडं पडलेलं, आजूबाजूच्या कंपनीच्या तीन वायरीही वितळल्या होत्या. विमावाल्यांनी बाहेरचं वायरिंग म्हणून हात वर केले. दुकानवाला म्हणे ताई, तुम्ही गाणी जोरात लावली असतील.

राजवाडा_बास:
अँप किती वॉटचा होता?

भेरूघाट_मार्गे:
बंद होता.

ग्रोमेट_गुरू:
ताईंची गोष्ट शाळेत शिकवायला हवी. आता वॅगन-आरचं सांगतो. फायरवॉलला ड्रिल लावू नका, पलीकडे एसीचं पाइप आहे की वायरिंग हे दिसत नाही. ग्लोव्ह बॉक्स खाली उतरवा, कंपनीचं वायरिंग ज्या मोठ्या काळ्या रबरी ग्रोमेटमधून (पत्र्याच्या भोकात बसवलेल्या रबरातून) आत येतं ते शोधा. आमच्या वॅगन-आरमध्ये त्या रबराला एक रिकामं, बंद टोक होतं, तेवढंच ब्लेडने कापलं. तुमच्यात नसेल तर रबराच्या कडेला बारीक छेद द्या, मधल्या बंडलला हात लावू नका. कपड्याच्या हँगरची तार सरळ करून टोकाला टेप गुंडाळायचा, वायर त्याला बांधायची, वर थोडं साबणाचं पाणी, सुळकन आत येते. आत आली की सिलिकॉन भरायचं. आणि बाहेरच्या बाजूला ग्रोमेटच्या आधी वायरीला खाली एक झोका ठेवायचा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून उतरून तिथेच टपकतं, आत पायाशी येत नाही. हे दुकानवाले कधीच करत नाहीत.

आत आल्यावर डाव्या दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिकची पट्टी हाताने वर ओढा, एखादी क्लिप तुटतेच, सुट्या मिळतात. कार्पेटखालून कंपनीच्या वायरिंगशेजारी कापडी टेपने बांधत न्या. बॉनेटमध्ये सगळी वायर काळ्या नालीदार पाइपमध्ये, एक्झॉस्टपासून लांब, आणि सीएनजीच्या स्टीलच्या नळीला टाय बांधायचा नाही, तिच्यात 200 बारचं प्रेशर असतं. स्टीरिओपासून अँपपर्यंतची सिग्नलची आरसीए वायर उजव्या बाजूने, नाहीतर इंजिनाची शिट्टी स्पीकरमध्ये ऐकू येते.

राजवाडा_बास:
शिट्टी माझ्याकडे पण येते. मला वाटायचं टर्बो आहे म्हणून.

पलासिया_पेट्रोलवाली:
सीएनजी गाडीत अँप लावायचाच कशाला? ठिणगी उडाली तर?

जुगाडू_राऊवाला:
सीएनजी हवेपेक्षा हलकी, वर उडून जाते. एलपीजी असती तर गोष्ट वेगळी, ती खाली बसते.

पलासिया_पेट्रोलवाली:
बंद गाडीत वर म्हणजे कुठे? छताला!

जुगाडू_राऊवाला:
काच उघडी ठेवायची.

ग्रोमेट_गुरू:
दोघंही बरोबर. म्हणूनच अँप सीटखाली, सिलिंडरजवळ नको, आणि ग्राउंडसाठी (अँपचा निगेटिव्ह बॉडीला जोडायला) सिलिंडरच्या कंसाचे बोल्ट वापरू नका. सीटबेल्टचा बोल्ट तर अजिबात नाही, तो ठरलेल्या ताकदीने आवळलेला असतो. जवळ एखादा साधा बॉडी बोल्ट बघा, रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर लावा, वायर अर्धा मीटरच्या आत.

बालेनो_दादा:
सुदामानगरी, सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) केली का? दर 3 वर्षांनी असते. माझी राहिली तर पंपावाल्याने गॅस दिला नाही, भर उन्हात परत पाठवलं.

सुदामानगरी:
झाली आहे हो. धागा वायरचा आहे.

मंडळातून_रिटायर्ड:
बोल्टबद्दल ग्रोमेट गुरूंशी सहमत. मी हेच सांगणार होतो.

भेरूघाट_मार्गे:
सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर हात लावू नका हं, ते एअरबॅगचे. आणि अँप ठेवल्यावर सीट पूर्ण पुढे-मागे करून बघा, रुळात वायर सापडायला नको.

नवलखा_नाइट:
किट कुठलंही घ्या, पण एका तारेला ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर तांबं चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम, गेज मोठं लिहिलेलं असतं पण करंट तांब्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच झेपतो. मला जेल रोडला शुद्ध तांबं म्हणून दिलं आणि आत चांदीच निघाली. महाराणी रोडला मीटरवर तांब्याची वायर मिळते, फ्यूज होल्डर वेगळा घ्या, 2500 त बसतं.

राजवाडा_बास:
2500 त फक्त वायर येणार, लावायचे वेगळे.

ग्रोमेट_गुरू:
रविवारी स्वतः करा हो. आधी निगेटिव्ह काढा, फ्यूज सगळ्यात शेवटी लावा. अर्ध्या दिवसाचं काम.

बालेनो_दादा:
स्वतः करू नका, दुकानातच करा. मी स्वतः केलं तर हॉर्न वाजवला की वायपर फिरायचा.

मंडळातून_रिटायर्ड:
हा वायरिंगचा दोष नाही, तुमचा आहे.

सुदामानगरी:
सगळ्यांचे आभार, खरंच खूप शिकायला मिळालं. रविवारी ग्लोव्ह बॉक्स उतरवून ग्रोमेटपर्यंत पोचलोही होतो, तेवढ्यात आई खाली आली, भेरू घाटाची गोष्ट मीच तिला वाचून दाखवली होती. तिथेच विषय संपला. पण खोटं कशाला बोलू, मलाही ग्लोव्ह बॉक्समागचं ते वायरींचं जंगल बघून वाटलं की रोज भंवरकुआंपर्यंत ऑफिसला जायला स्टीरिओवरचे चार स्पीकर पुरे आहेत. त्याच पैशात दारांना डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर थांबवणारी) लावून घेतली, दार बंद करताना आता नुसतं धप्प होतं आणि आवाज बराच भरदार झाला. अँप गच्चीवर ठेवलाय. कॉलनीच्या गणपतीत इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीवर आरतीसाठी लावणार आहे, 12 व्होल्टच तर हवेत. दादाला अजून सांगितलेलं नाही.

राजवाडा_बास:
चार पानं धागा आणि शेवटी शीट 😂

मंडळातून_रिटायर्ड:
इन्व्हर्टरची बॅटरी शॉर्ट झाली तर गाडीच्या बॅटरीइतकीच शेकडो अँपिअर देते. फ्यूज तिथेही, 40 चाच.

पलासिया_पेट्रोलवाली:
शीट कोणती लावली, लिंक द्या ना.

जुगाडू_राऊवाला:
उरलेला एमसीबी आहे माझ्याकडे, गणपतीसाठी हवा तर घेऊन जा.