जर्मन, इटालियन आणि भाषाशास्त्र एकदम: अभ्यास की हव्यास?

कडू कारलं
जर्मनीत बी.ए. करताना हे तिन्ही एकत्र घेऊ नयेत, असं माझं मत. पदवी १८० क्रेडिट्सची, क्रेडिटमागे ३० तास, म्हणजे ५४०० तासांचं काम. प्रवेशालाच बहुधा जर्मन भाषेच्या परीक्षा लागतात: डीएसएचमध्ये २री पातळी किंवा टेस्टडाफच्या चारही भागांत ४थी. पुढे जर्मन विभाग भाषा शिकवत बसत नाही, ती येते असं धरून मध्ययुगीन जर्मन पुढ्यात ठेवतो. त्यात इटालियन शून्यापासून! धड एकही भाषा हाती लागायची नाही.

मोडीवाचक
असहमत. भाषाशास्त्र हे तिसरं ओझं नाही, उलट दोन भाषांचं ओझं हलकं करतं. भूतकाळच घ्या. ‘जाणे’ला दोन्हीकडे ‘असणे’ हे सहायक क्रियापद लागतं: ‘इश बिन गेगांगन’, ‘सोनो आंदातो’. ‘खाणे’ला दोन्हीकडे ‘जवळ असणे’. एक नियम, दोन भाषा.

कडू कारलं
आणि अपवाद? पोहण्याला जर्मनमध्ये ‘बिन’, इटालियनमध्ये मात्र ‘ओ न्वोतातो’, म्हणजे ‘जवळ असणे’. अंग धुण्याला नेमकं उलट: जर्मन ‘हाबं मिश गेवाशन’, इटालियन ‘मि सोनो लावातो’. दोन्ही भाषा एकाच सत्रात चालू असल्या की गफलत इथेच होते.

मोडीवाचक
म्हणून तर पहिल्या सत्रात ध्वनिशास्त्र आणि वाक्यरचना उरकावी, इटालियन दुसऱ्या सत्रात सुरू करावी. मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळतात. ‘मी पोळी खाल्ली’मध्ये क्रियापद पोळीच्या लिंगाप्रमाणे बदलतं, तसंच ‘लॉ मांजाता’मध्ये (‘ती खाल्ली’). प आणि फ वेगळे ऐकायची सवय असल्यामुळे जर्मन ‘टाग’मधला (‘दिवस’) महाप्राणही, म्हणजे ट सोबतचा ‘ह’, लगेच कानाला कळतो. इटालियनमध्ये तो नाही.

यास्काचा शेजारी
पोळीचं उदाहरण अर्धंच खरं. इटालियनमध्ये हे जुळणं कर्माचं सर्वनाम आधी आलं तरच होतं. पिझ्झा क्रियापदानंतर आला की ‘ओ मांजातो ला पिझ्झा’, ‘मांजाता’ नव्हे. शिवाय आपण ‘मी तिला पाहिलं’ म्हणतो, इटालियन मात्र ‘लॉ व्हिस्ता’ असं स्त्रीलिंगीच ठेवते. मराठीच्या भरवशावर राहिलात तर दोन्हीकडे चुकाल.
पण मत मोडीवाचकांच्या बाजूने, कारण वेगळं. जर्मन ‘ब्रूडर’मध्ये (भाऊ) ड आणि ‘फाटर’मध्ये (वडील) ट का? लॅटिनमध्ये तर दोन्हीकडे त. उत्तर वैदिक स्वरांत आहे: ‘भ्राता’चा उदात्त (उंच स्वर) पहिल्या अक्षरावर, ‘पिता’चा शेवटच्या; त्या जागेवरूनच पुढे जर्मनमध्ये ड की ट ते ठरलं. भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नरने १८७७ साली हे दाखवलं. संस्कृत घेतलेल्या मुलांना भाषाशास्त्राचा हा भाग जड जाऊ नये.

कडू कारलं
व्हर्नर मान्य. पण इटालियन घेऊन शिक्षक व्हायचं असेल, तर काही ठिकाणी लॅटिनचीही अट असते. तिचे तास त्या ५४०० मध्ये धरलेत का?