मदत हवी आहे: अण्णांचं मन घरात कसं रमवावं?

अण्णा ७८ वर्षांचे. सेलूजवळच्या गावात ते आणि आई दोघंच. खुब्याच्या ऑपरेशननंतर पारावरची बैठक सुटली, भजन सुटलं. आता पेपरही उघडत नाहीत, दोन घास खाऊन भिंतीकडं तोंड करून पडतात. करमत नाही का विचारलं की, 'मला काय धाड भरली?' मी पुण्यात. माझा फोन आला की लगेच आईच्या हातात. आकाशवाणी परभणी तेवढी ऐकतात.

मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस (१४४१६) आणि ज्येष्ठांची एल्डरलाइन (१४५६७) माहीत आहे, पण अण्णा स्वतः बोलणं शक्यच नाही. घरच्यांनी फोन करून कुणाला उपयोग झालाय का? पारावरच्या मंडळींना घरीच बोलवावं, की अण्णांना वॉकर घेऊन समोर येणं लाजिरवाणं वाटेल? आणि मानसोपचारतज्ज्ञाकडं जायला तुमच्या घरच्यांना कसं तयार केलंत?