घट बसायच्या आधीचं घर : सोलापूरकरांचे अनुभव

पितृपक्ष लागला की सोलापुरातल्या गच्च्या रंगीत दिसायला लागतात. घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण धुऊन कठड्यावर पडलेलं असतं. घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत घरी माणसं येतच राहतात: सवाष्णी, तुळजापूरला निघालेले, पुण्याहून सुट्टीला आलेली मुलं. त्यांच्यासाठी घर कसं लावता, काय जमलं, काय फसलं, ते मोकळेपणाने लिहा. सुरुवात मीच करते.

आमची तयारी पाण्यावर ठरते. नळ चार-पाच दिवसांनी येतो, तोही कधी पहाटे तीनला. लहानपणी आई हलवून उठवायची, "ऊठ की, पाणी जायलंय!" आता मी तेच करते. एका पाण्याला फक्त चादरी, पुढच्या पाण्याला पडदे, तिसऱ्याला फरशी आणि देवघर. सगळं एका दिवसात काढलं तर टाकी रिकामी होते आणि निम्मं धुणं साबणात राहतं. सोलापुरी चादर भिजली की एकटीला पेलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून उलट्या बाजूंना पीळ द्यायचा, तरच पाणी निघतं. नवी चादर मिठाच्या पाण्यात वेगळी भिजवा. मी एकदा नवी लाल चादर सासूबाईंच्या पांढऱ्या चादरीबरोबर भिजवली. पांढरीचे काठ गुलाबी झाले. ती त्यांच्या माहेरहून आलेली होती. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, दसऱ्याला दिवाणावर तीच अंथरली. मला मात्र अजून वाईट वाटतं.

बाळीवेस, जुना वाडा

भिंतींबद्दल लिहितो. आमच्या भिंती दगड-मातीच्या, दीड हात जाड. सहा-सात वर्षांपूर्वी दिवाळीला बहिणी, भाचे सगळे येणार म्हणून घाईने प्लास्टिक पेंट मारून घेतला. पावसाची ओल भिंतीत तशीच होती. लक्ष्मीपूजनापर्यंत माजघराच्या भिंतीवर फोड आले, आणि भाऊबीजेला ओवाळताना पाटाशेजारी रंगाचे पापुद्रे पडत होते. वडील नको म्हणत होते, मी ऐकलं नव्हतं. मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट लागते. प्लास्टिकचा रंग ती वाट अडवतो, चुना अडवत नाही.

तेव्हापासून चुनाच. चुन्याची कळी लोखंडी बादलीत टाकून पाणी ओतलं की खदखदायला लागते. मुलांना लांब ठेवा, डोळ्यांत उडाला तर वाईट. रात्रभर निवू द्यायचं, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं, मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ घालायची. मीठ घातलं की हाताला चुना कमी लागतो. पहिला हात ताकासारखा पातळ. ओला असताना काहीच दिसत नाही, माणूस घाबरून दुसरा जाड हात मारतो आणि तो वाळला की तडकतो. थांबायचं. दुपारनंतर भिंत आपोआप पांढरी होत जाते. ते बघायला मी दरवर्षी ओसरीवर बसतो.

पूर्व भाग

आम्ही पद्मशाली विणकर. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. खाली माग, वर राहतं घर, त्यामुळे कापसाचा धुरळा पंख्यावर, फोटोंमागे, डब्यांच्या झाकणांवर, सगळीकडे. खंडेनवमीला माग बंद ठेवून पुसतो, तेलपाणी करतो, हळदीकुंकू वाहतो. एरवी दिवसभर खडखडाट, त्या दिवशी पाहुण्यांशी हळू आवाजात बोलता येतं. घराची खरी सजावट मला ती शांतताच वाटते.

आणि बतुकम्मा, आमचा तेलुगू लोकांचा फुलांचा सण. ताटात फुलांचे थर गोल रचत वर निमुळतं करत न्यायचं, शेंड्याला हळदीची गौरम्मा, म्हणजे गौरी. त्यात पिवळं तंगेडू लागतंच. मी लग्नाआधी मैत्रिणीच्या घरी घटाची माळ बघितली, तर तेच फूल! तिच्याकडे त्याला तरवड म्हणतात. आता माझे वडील माळरानावरून आणतात तेव्हा दोन पिशव्या भरतात, एक आमच्या ताटासाठी, एक तिच्या घटासाठी. देठ थोडा लांब ठेवूनच तोडा, नाहीतर थर धरत नाहीत.

जुळे सोलापूर

थोडंच लिहिते. नवरात्रात पाहुणे येणार असले तर उपवास कोणाला आहे, कोण उठता-बसता धरतं, हे आधी विचारून घ्या. मी भगर आणि दाण्याची आमटी एका शेगडीवर, बाकीचा स्वयंपाक दुसरीवर ठेवते. कडक भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधलेली असतेच. शेंगाचटणी मात्र मिक्सरला लावू नका. उखळात कुटली की दाण्याचं तेल सुटतं आणि ती गोळा धरते.

मोहोळ तालुक्यातलं माहेर, राहणं सोलापुरात

२०२५ ला घट बसले त्याच आठवड्यात सीना नदीला पूर आला. माहेरच्या घरात कमरेएवढं पाणी. मी पाहुण्यांसाठी म्हणून धुऊन, घड्या घालून ठेवलेल्या चादरी काकू, चुलत भाऊ आणि त्यांच्या लेकरांच्या अंगावर गेल्या. दारात तोरण बांधायचं राहिलं होतं. बांधू का नको, मला कळेना. काकूच म्हणाल्या, "बांध की, घट बसलेत घरात." त्यांनी स्वतः झेंडू ओवले. एक फूल, एक आंब्याचं पान, मध्येच हात थांबायचा. त्यांच्या घरचा घट पाण्यात गेला होता. त्या दर संध्याकाळी आमच्या घटाला माळ चढवायच्या. दसऱ्यानंतर गावी जाऊन आम्ही सगळ्यांनी मिळून चिखल काढला. भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे.

तुळजापूर रस्ता

आमचे पाहुणे अनोळखी असतात. कोजागरीला सोलापुरातून, कर्नाटकातून माणसं चालत तुळजापूरला जातात. इथून साधारण ४५ किलोमीटर. रात्रभर रस्ता वाहतो. आजोबांपासून आमच्या ओसरीत त्यांची सोय असते. आधी आम्ही चहा आणि केळी ठेवायचो. एका वर्षी एक आजी चहा बाजूला ठेवून म्हणाल्या, "बाळा, गरम पाणी आहे का, पाय टेकवत नाहीत." तेव्हापासून चूल बाहेर मांडतो, घमेल्यांत मीठ घातलेलं गरम पाणी. ओसरी सारवून कोरडी करायची, जुन्या चादरी दुहेरी अंथरायच्या, दिवा असा ठेवायचा की पायरी दिसेल पण झोपलेल्याच्या डोळ्यांवर उजेड येणार नाही. रांगोळी दाराच्या एका बाजूला काढतो, वाटेत नाही. थकलेला माणूस रांगोळीवर पाय पडेल म्हणून बाहेरच थांबतो, हे आम्हाला उशिरा कळलं. यंदा दोन घमेली जास्त घेतली आहेत.