तोच ड्रेस पुन्हा घातला तर यजमानांचा अपमान होतो म्हणे!

धावदोरा
एक पोस्ट कालपासून जी ती मला पाठवतेय. म्हणणं असं की, दरवर्षी तीच माणसं भेटतात अशा समारंभाला गेल्या वर्षीचाच ड्रेस घालून जाणं म्हणजे यजमानांना गृहीत धरणं. 'त्यांनी एवढा घाट घातला आणि तुम्हाला एक नवा ड्रेस घेववत नाही?' खाली बदामांचा सडा. दोन ओळींत उत्तर टंकायला बसले, राग दोन ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा.

यजमान काय आपला ड्रेस बघायला बोलावतात? मी यजमान असते तेव्हा माईक खरखरतोय का, खुर्च्या पुरतील का, अमका तमक्याशेजारी बसला तर जुंपेल का, यापलीकडे माझं डोकं चालत नाही. गेल्या वर्षी कोण काय घालून आलं होतं, हे पोलिसांनी विचारलं तरी मला सांगता येणार नाही.

यावर प्रयोगसुद्धा झालाय. गिलोविच, मेडवेक आणि साविट्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली छापलाय. एका विद्यार्थ्याला गायक बॅरी मॅनिलोचा चेहरा असलेला टीशर्ट घालायला लावायचा (त्या पोरांच्या दृष्टीने भलताच लाजिरवाणा) आणि बाकीचे बसलेत त्या खोलीत पाठवायचं. घालणाऱ्याला वाटायचं की निम्म्या लोकांनी तरी पाहिलंच असणार. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलेलं असायचं.

आणि पुरुषांचं काय? ऑस्ट्रेलियातला टीव्ही निवेदक कार्ल स्टेफानोविच जवळजवळ वर्षभर रोज एकच निळा सूट घालून पडद्यावर आला. २०१४ साली त्याने स्वतः सांगितलं तेव्हा लोकांना कळलं. त्याच्या शेजारी बसणाऱ्या लिसा विल्किन्सनला मात्र कपड्यांवरून पत्रांवर पत्रं येत होती, म्हणून तर त्याने हा उद्योग केला.

माझा एक गडद हिरवा पायघोळ ड्रेस आहे, काही नक्षी नाही, चमचम नाही. वर्षानुवर्षं तोच घालते. दोन्ही कुशींना माया (शिवणीच्या आतलं जादा कापड) सोडलेली होती, ती मध्ये एकदा उसवून घेतली. जुन्या शिवणीची फिकट रेघ जवळून पाहिली तर दिसते. बघा खुशाल.

उठाठेव
ती पोस्ट माझी नाही, पण त्यातला एक बदाम माझा आहे. तेव्हा बोलतेच.

त्या प्रयोगातल्या खोलीत तुमची जाऊ बसली होती का? नव्हती ना? मग तो निकाल मला सांगू नका. मिनिटभर आत येऊन गेलेला टीशर्ट वेगळा आणि वर्षातून एकदा हमखास भेटणाऱ्या, तुमच्याकडे बघायलाच बसलेल्या बायका वेगळ्या. त्यात आता फोटो. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा ग्रुप फोटो शेजारी शेजारी लावून कोण किती सुटलंय ते बघायचा कार्यक्रम आमच्यात दरवर्षी होतो. त्यात ड्रेस तोच असला की सगळ्यांच्या आधी आपल्यावरच बोट.

दुसरं. मी घरात शेंडेफळ. बहिणींचे उतरलेले कपडे घालून मोठी झाले, तेही वर 'किती नीट ठेवलाय बघ' हे ऐकून घेत. कमवायला लागल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या मापाचा ड्रेस घेतला, तेव्हा कळलं की खांद्याची शिवण खांद्यावरच बसते, दंडावर ओघळत नाही. तेव्हा दरवर्षी एक नवा ड्रेस मी घेणार, मिरवणार आणि त्याबद्दल मला व्याख्यान नको.

पाचवा_कोपरा
आमच्याकडे एक काळा सूट आहे. लग्न, निरोप समारंभ, वार्षिक स्नेहभोजन, सगळीकडे तोच. कोणी काही म्हणत नाही. बायका उगाच एकमेकींना छळतात असं माझं नम्र मत. (काडी टाकून पळालो.)

कडकलक्ष्मी
@पाचवा_कोपरा, नम्र मत खिशात ठेवा. तुमच्या सूटला खिसे असतात, आमच्या ड्रेसला तेही नसतात.

निळी_शाई
धागाकर्तीचं बरंचसं पटतं, पण एक गोष्ट सगळे सोयीस्करपणे विसरतात. हॉलिवूडच्या केट ब्लँचेटने २०१४ च्या गोल्डन ग्लोब्जला घातलेला काळा लेसचा गाऊन २०१८ साली कान चित्रपट महोत्सवात पुन्हा घातला. जगभर वाहवा. वाकीन फिनिक्स २०२० च्या सगळ्या पुरस्कार सोहळ्यांना एकच टक्सीडो घालून गेला. वाहवा. रिटा मोरेनो १९६२ च्या ऑस्करचा ड्रेस २०१८ मध्ये घालून आली, तेव्हा तर लोक उभे राहायचे बाकी होते. का? कारण यांना हवा तेवढा नवा मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्याकडे शंभर आहेत त्याने एक परत घातला की ती साधी राहणी. माझ्यासारखीने घातला की 'हिचं सध्या बरं चाललंय ना?'

मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिसच्या वार्षिक समारंभाला सलग तोच राखाडी ड्रेस घालून जायचे, कारण दुसरा नव्हताच. एका वरिष्ठ बाईंनी सगळ्यांसमोर, अगदी प्रेमाने, त्यांचा एक जुना ड्रेस देऊ केला. प्रेमानेच हं. मी घरी येऊन रडले आणि त्याच महिन्यात हप्त्यांवर नवा घेतला. 'लोक बघत नाहीत' हे ज्यांना परवडतं त्यांनीच म्हणावं.

धावदोरा
@निळी_शाई, हे मला खोडता येत नाही. पण यात चूक त्या बाईंची आहे, राखाडी ड्रेसची नाही. आणि बरोबर असल्याच बायकांना ती पोस्ट बळ देते, म्हणून तर माझा जीव जळला.

@उठाठेव, तुम्ही नवा घ्या, दहा घ्या. न घेणारीला 'यजमानांचा अपमान' म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. बहिणीचे उतरलेले कपडे आणि स्वतःच्या मापाचा, स्वतःच घेतलेला ड्रेस पुन्हा घालणं, या दोन गोष्टी एकच कशा?

टाकाऊ_टिकाऊ
सगळे मान-अपमानात अडकलेत. पॉलिएस्टर पेट्रोलियमपासून बनतं, चमकत्या टिकल्या बहुतेक प्लास्टिकच्या असतात. एका संध्याकाळसाठी घेतलेला टिकल्यांचा ड्रेस आपल्या नातवंडांनंतरही कुठल्यातरी कचऱ्यात शाबूत असेल. भाड्याने घ्या, नाहीतर मैत्रिणींत अदलाबदल करा. आपल्यासाठी नवा, पृथ्वीसाठी जुना. भांडण कशाला?

निळी_शाई
भाड्याचं एवढं सोपं नाही. फिनलंडच्या संशोधकांचा २०२१ चा अभ्यास आहे, त्यात जीन्स भाड्याने फिरवणं हे विकत घेऊन वापरून टाकून देण्यापेक्षाही महाग पडलं, हवामानाच्या दृष्टीने. कारण काय, तर ने-आण.

टाकाऊ_टिकाऊ
तो जीन्सचा हिशोब होता. जीन्स माणूस शेकडो वेळा घालतो, गाऊन एकदा. आणि ने-आण गाडीने केली तर एवढा फरक पडतो, सायकलने केली तर नाही. ठीक आहे, भाडं सोडा. मैत्रिणींत अदलाबदल करायला काय हरकत आहे?

कडकलक्ष्मी
हरकत? बसा, सांगते.

माझा वाइन रंगाचा सॅटिनचा गाऊन. एका मैत्रिणीने लग्नासाठी मागितला, मी दिला. महिना गेला, दोन गेले. मागायला मलाच लाज वाटायला लागली, म्हणजे बघा! शेवटी पिशवीत कोंबलेला परत आला. घरी येऊन उलगडला तर घेर खालून कापलेला. हो, का-प-ले-ला. ती माझ्यापेक्षा बुटकी. दुमडून टाचायचा तरी, पण नाही. चार बोटं कापड कात्रीने उडवलेलं आणि कडेला इस्त्रीने चिकटवायची पट्टी. विचारलं तर म्हणते, 'अगं, तुला पण थोडा लांबच होता ना?'

मला लांब नव्हता. मला मापात होता!! आता तो धड पायघोळ नाही आणि धड आखूड नाही, घोट्याच्या वर लटकतो. अदलाबदल म्हणे.

उठाठेव
अगं बाई!! कापला? तिच्याशी बोलतेस अजून?

कडकलक्ष्मी
बोलते. म्हणजे ती बोलते, मी हं हं करते.

फुरसतीत
माझा अनुभव उलटा. मी मैत्रिणीचा ड्रेस वापरून, वर पैसे घालून ड्राय क्लीन करून दिला आणि शिव्या खाल्ल्या. गळ्याभोवतीच्या टिकल्यांचा रंग उडाला म्हणे. तेव्हापासून उसना घेतलेला कपडा मी आहे तसा परत देते, ज्याचा त्याने धुवावा.

कडकलक्ष्मी
काय?? दुसऱ्याच्या घामाचा ड्रेस तसाच परत? काखेतल्या डागांसकट?

फुरसतीत
मी डाग पाडत नाही. आणि ओरडू नका.

टाकाऊ_टिकाऊ
अहो, पण मुद्दा अदलाबदलीचा होता, धुण्याचा नव्हे...

गुंडीकाज
घरचा धंदा ड्राय क्लीनिंग आणि अल्टरचा आहे, म्हणून राहवत नाही.

@फुरसतीत यांच्या टिकल्यांचा दोष त्यांचा नाही. पर्क नावाचं जे द्रावण वापरतात त्यात काही टिकल्यांचा रंग उतरतो, काही चक्क विरघळतात. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये ड्राय क्लीनिंगमधून ते दहा वर्षांत हद्दपार करायचा नियम झाला, पण तो टिकल्यांसाठी नाही, माणसांच्या तब्येतीसाठी. चांगला धुणारा आतल्या बाजूची एखादी टिकली आधी तपासून बघतो. तुम्ही देताना विचारायचं.

तसाच परत देणं मात्र अजिबात नको. सगळ्यांत वाईट डाग न दिसणारा असतो. गोड, रंग नसलेलं पेय सांडतं, वाळतं, ड्रेस स्वच्छ दिसतो म्हणून कपाटात जातो. पुढच्या वर्षी काढावा तर पिवळा ठिपका. साखर जुनी झाली की रंग धरते, मग आम्ही कितीही डोकं आपटलं तरी पुरता जात नाही. मालकीण म्हणते दुकानाने खराब केला.

जड मणीकामाचा ड्रेस हँगरला लटकवू नका, खांदे ओघळतात. आडवा ठेवा. दुकानातून येणारं प्लास्टिक घरी आल्या आल्या काढा, सुती कापडात गुंडाळा. आणि @धावदोरा, तुमच्या ड्रेसला माया होती म्हणून निभावलं. हल्ली तयार कपड्यात आत बघा, ओव्हरलॉकच्या टाक्यापलीकडे सूतभर कापड नसतं. बाई दोन बोटं रुंद झाली की ड्रेस बाद. लोक म्हणतात बायकांना नव्याची हौस. निम्म्या आमच्याकडे जुना घेऊन येतात, आम्हीच परत पाठवतो.

धावदोरा
@गुंडीकाज, हे वर काढून लावायला हवं. अख्ख्या धाग्यात कामाचं एवढंच निघालं.

उठाठेव
बाकीचं आम्ही बिनकामाचं बोललो, समजलं.

पाचवा_कोपरा
परत आलो. काल सूट काढला तर पँटचं बटण काजापर्यंत पोचत नाही. पुरुषांच्या पँटला मागे माया असते ना?

गुंडीकाज
मागच्या शिवणीत असते. पण सूट चमकायला लागला असेल तर इस्त्री सरळ फिरवताय. वर ओलं कापड ठेवा.

कडकलक्ष्मी
बघा, यांच्या पोटासाठीसुद्धा शिवणीत सोय. आणि आम्ही म्हणे एकमेकींना छळतो.

फुरसतीत
माझा एक प्रश्न राहिलाच. रंग उडाला तर भरपाई कोणी द्यायची, घेणारीने की धुणाऱ्याने?

कडकलक्ष्मी
घेणारीने. वाद संपला.

फुरसतीत
तुमच्या मैत्रिणीने दिली का?

कडकलक्ष्मी
तुम्हाला भांडायचंच आहे का?

संपादक
उसन्या कपड्यांची भरपाई हा वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा. शेवटचे दोन-तीन प्रतिसाद काढावेत का, याचा विचार चालू आहे.

निळी_शाई
मूळ मुद्द्यावर येते. गुंडीकाज यांचं वाचून माझा तो राखाडी ड्रेस काढून बघितला. आत माया आहे, कपाटात बसून पडलेल्या घड्यांपलीकडे काही बिघडलेलं नाही. घालणार का? माहीत नाही. त्या बाई अजून ऑफिसात आहेत.

उठाठेव
@निळी_शाई, त्या बाईंसमोर मी असते तर मीसुद्धा तोच घातला असता, मुद्दाम. एवढ्यापुरतं धावदोराताईंचं मान्य. फक्त एवढ्यापुरतं.

पण धावदोराताई, तुम्हीही एक पथ्य पाळा. जुना घाला, हवा तेवढ्या वेळा घाला. पण दारातून आत आल्या आल्या प्रत्येकीला 'हा तोच हं, गेल्या वर्षीचा' असं सांगत फिरू नका. नव्या ड्रेसमध्ये उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा काय बोलावं ते सुचत नाही.

धावदोरा
ते मी सांगणारच. तुमच्या ड्रेसबद्दल मी कधी काही बोलले का?

उठाठेव
हेच. अगदी हेच बोलता तुम्ही.