हरळी नाही, मारवेल वाटतेय
रस्त्याकडेच्या एका गवताचा फोटो इथे टाकलाय. त्याला कुणी 'पावसाने माजलेली हरळी' म्हटलंय, पण मला ती मारवेल, म्हणजे चाऱ्याचं एक गवत, वाटते. फोटोत तुऱ्यांना वाकडी, तपकिरी कुसं (केसांसारखी लांब टोकं) दिसताहेत. हरळीला कुसं नसतातच. खात्रीसाठी काडीची पेरं बघा. मारवेलीच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, हरळीचं पेर गुळगुळीत. मारवेलीचे तुरे जांभळट, काडीच्या टोकाशी बोटांसारखे एकत्र फुटलेले.

एक घोळ मात्र होऊ शकतो: बोथ्रिओक्लोआ पर्ट्युसा हे मारवेलीसारखंच दिसणारं दुसरं गवत. त्याच्याही पेरांवर केस असतात! पण त्याच्या कणिशकाच्या (तुऱ्यातल्या एकेका दाण्याएवढ्या फुलोऱ्याच्या) तुसावर सुई टोचल्यासारखा बारीक खळगा असतो, तो भिंगातून दिसतो. तेव्हा तुऱ्याचा जवळून फोटो टाका. नुसत्या पानांवरून गवत ओळखणं म्हणजे जुगारच. आणि हो, मारवेल असेल तर उपटू नका, गुरं आवडीने खातात.