रडार काढलं तर कसारा घाटात काय करणार?

सिडकोकर:
टेस्लाने 2021 मध्ये अमेरिकेत मॉडेल 3 आणि मॉडेल वायमधून रडार काढलं, तेव्हापासून ‘आपोआप ब्रेक मारणाऱ्या गाडीला कॅमेरा बास’ म्हणणारे वाढलेत. त्यांनी पावसाळ्यात एकदा इगतपुरीहून कसाऱ्याला उतरून दाखवावं. धुक्याचा थेंब साधारण मिलिमीटरचा पन्नासावा-शंभरावा हिस्सा. गाडीतल्या 77 गिगाहर्ट्झ रडारची लहर सुमारे 4 मिलिमीटर लांब, ती धुक्याला जुमानत नाही. शिवाय डॉप्लरमुळे, म्हणजे परतणाऱ्या लहरीची वारंवारता बदलते त्यावरून, पुढच्या गाडीचा वेग थेट कळतो. कॅमेरा आणि रडार दोन्ही पाहिजेत, विषय संपला.

तर्कट नाशिककर:
संपला कसा? धुक्यात माणूस वेग कमी करतो, गाडीनेही करावा. आता पिंपळगावजवळ रात्री टेललाइट नसलेली कांद्याची ट्रॉली कडेला उभी आहे असं धरा. रडारला ती दिसते, पण पूल, रेलिंग, पाट्याही तशाच उभ्या दिसतात. प्रत्येकाला ब्रेक मारला तर मागचा येऊन ठोकेल. म्हणून बऱ्याच सिस्टीम हायवेच्या वेगात थांबलेल्या वस्तू गाळूनच टाकतात. झालं की मग!

सिडकोकर:
अहो, ती ट्रॉली तर माझ्या बाजूची साक्षीदार! दोघांनी आपापला निकाल लावून मग जुळवायचं ठरवलं तर रडार म्हणणार ‘पाटी असेल’, कॅमेरा म्हणणार ‘काही नाही’. पण निकालाआधीच डेटा एकत्र केला तर? रडारचा ठिपका जिथे, तिथेच चित्रात चाकाएवढी काळपट छटा. एकेकटी शंका फुटकळ, दोन्ही मिळून ब्रेक मारण्याइतकी.

निफाडकर:
ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा म्हणावं आधी 😀

अंबडचा फिटर:
कागदावर छान आहे. रडार बंपरमागे, कॅमेरा काचेमागे, दोघांचे कोन जुळायला हवेत. एक अंश चुकला की 100 मीटरवर ठिपका पावणेदोन मीटर सरकतो, म्हणजे ट्रॉली शेजारच्या लेनमध्ये गेली! आपल्याकडे बंपर फुटला की गॅरेजवाला लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देतो. त्या थरातून रडार धड बघत नाही, आणि पुन्हा कॅलिब्रेशन (कोन जुळवणी) करून घेतो कोण?

सिडकोकर:
काच बदलली की कॅमेराही हलतोच. मग तोही काढून टाकायचा का?

तर्कट नाशिककर:
तो कसा काढाल? सिग्नल लाल की हिरवा हे रडार सांगत नाही. ज्याच्याशिवाय भागतच नाही, पैसा त्याच्यावर घाला एवढंच म्हणतोय.