मदत हवी आहे: बायफोकल घ्यायचं की नाही? सोमवारी फॉर्म द्यायचाय

कोपरखैरणेची आई (शुक्रवार, रात्री १०:५०)
नमस्कार, घाईत लिहितेय. मुलीला अकरावीला बायफोकल, म्हणजे दोन विषयांच्या जागी एकच २०० मार्कांचा विषय, मिळतंय तर घेऊ की नको? सोमवारी १२ च्या आत फॉर्म द्यायचाय आणि कॉलेजवाले म्हणतात नंतर बदल नाही. घरात दोन दिवस यावरून धुसफूस चालू आहे. ज्यांच्या मुलांनी घेतलंय त्यांनी प्लीज लवकर सांगा.

रबाळेकर (रात्री ११:०२)
ताई, कुठलं बायफोकल? कम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, अजूनही असतात. बोर्ड कुठलं, मार्क किती, अॅडमिशन झालीय की अजून राऊंड चालू आहेत? एवढ्यावर कोण काय सांगणार?

प्रवेशमित्र_ठाणे (रात्री ११:०९)
ऑनलाइन फॉर्म भरताना १० कॉलेजं टाकता येतात, पूर्ण १० टाका, दोन-तीन टाकून थांबू नका. आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित राऊंडमधून बाहेर. दरवर्षी पन्नास पालक इथेच चुकतात. इनहाऊस कोटा १० टक्के असतो, मुलगी त्याच संस्थेच्या शाळेतली असेल तर तिकडे आधी बघा. मागच्या वर्षांचे कटऑफ बघूनच क्रम लावा.

कोपरखैरणेची आई (रात्री ११:२१)
अहो अॅडमिशन झालीय!! दुसऱ्या राऊंडला, सायन्स, ठाण्याचं कॉलेज, फीसुद्धा भरली. स्टेट बोर्ड, ८६ टक्के. कम्प्युटर सायन्सचं बायफोकल. आता फक्त विषयांचा कागद द्यायचाय. तीन चौकोन आहेत, एकात बरोबरची खूण करायची.

घणसोली सेक्टर ७ (रात्री ११:४०)
माझ्या मुलाने सीएस घेतलं होतं, दोन वर्षांपूर्वी बारावी झाला, म्हणून सविस्तर सांगतो. २०० मार्कांचा विषय आहे, दोन पेपर, प्रत्येकी ५० लेखी आणि ५० प्रॅक्टिकल. म्हणजे निम्मे मार्क प्रॅक्टिकलला, नियमित जाणाऱ्या मुलाला ते मिळतात. बारावीला सी प्लस प्लस, एचटीएमएल, डेटा स्ट्रक्चर आणि दुसऱ्या पेपरला ८०८५ मायक्रोप्रोसेसर. हा शेवटचा प्रकार ऐकून मुलं घाबरतात पण खरं सांगतो, सगळ्यात सोपे मार्क तिथेच. आमच्याकडे जेवायच्या टेबलावर वहीत रजिस्टरचे चौकोन आखून तो हेक्साडेसिमलमधल्या बेरजा करत बसायचा, ए मधला आकडा बी मध्ये हलवायचा, मग खाली उत्तर, आणि त्याच्या आजीला वाटायचं नातू सुडोकू सोडवतोय. भाषेचा पेपर गेला, बायोचे जर्नल गेले, पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) वेळ मिळाला. आता इंजिनिअरिंगला आहे. फी थोडी जास्त असते आणि सीटा कमी, म्हणून मिळतंय तर सोडू नका.

जर्नल तपासणारी (शनिवार, सकाळी ७:१५)
मी नवी मुंबईत ज्युनिअर कॉलेजला बायो शिकवते, १९ वर्षं झाली. वरच्या दादांचं बरोबर आहे पण ते इंजिनिअरिंगवाल्या मुलाचं सांगतायत. ताई, तुम्ही तीन चौकोन म्हणालात, त्यात काय काय लिहिलंय ते इथे टाका ना. बायफोकल घेतलं की दुसरी भाषा तर जातेच, अजून एक विषय जातो, बहुतेक ठिकाणी तो बायो असतो. मुलीला पुढे काय करायचंय हे तुम्ही एकदाही लिहिलं नाहीत.

डिप्लोमा२००८ (सकाळी ७:४०)
८६ टक्क्यांना पॉलिटेक्निक का नाही केलं? तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला. अकरावी-बारावी, सीईटी कसलंही टेन्शन नाही. मी स्वतः मेकॅनिकल डिप्लोमा केला, टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एकविसाव्या वर्षी नोकरीला लागलो. लोकांना अजून वाटतं डिप्लोमा म्हणजे कमी मार्कवाल्यांचं.

रबाळेकर (सकाळी ७:५२)
भाऊ, अॅडमिशन झालीय, फी भरलीय. त्यांनी हे विचारलंच नाहीये.

डिप्लोमा२००८ (सकाळी ७:५५)
फी परत मिळते. आयुष्य परत मिळत नाही.

कोपरखैरणेची आई (सकाळी ८:३०)
चौकोन असे आहेत.
एक: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो आणि मराठी / हिंदी / आयटी यातलं एक.
दोन: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कम्प्युटर सायन्स बायफोकल.
तीन: फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, जिऑग्राफी आणि परत मराठी / हिंदी / आयटी.
इंग्लिश सगळ्यांना. मुलीचे बाबा महापेला सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते म्हणतात आता कम्प्युटरशिवाय पुढे काही नाही, दोनवरच खूण कर. मुलगी म्हणते काहीही चालेल. म्हणून तर इथे विचारतेय, मला स्वतःला यातलं काही कळत नाही, मी कॉमर्सची.

सीए_नौपाडा (सकाळी ९:०५)
मग कॉमर्सच का नाही? सगळे मेंढरासारखे सायन्सला. सीए फाउंडेशन आता वर्षातून तीनदा होते, बारावी झाली की थेट देता येते.

जर्नल तपासणारी (सकाळी ९:२०)
ताई, "काहीही चालेल" हे पंधरा-सोळा वर्षांचं मूल कधी म्हणतं माहितीये? त्याला काय हवंय ते घरात चालणार नाही असं वाटत असतं तेव्हा. दरवर्षी जुलैत माझ्या वर्गाच्या दारात एखादं मूल येऊन उभं राहतं, मॅडम मला बायो परत मिळेल का, पप्पांनी फॉर्म भरला होता. तिला एकटीला घेऊन बसा, बाबा घरी नसताना. काय व्हायचंय असं नका विचारू, पुस्तकं घरी आली की पहिलं कुठलं उघडायची ते विचारा. दहावीला विज्ञानात आणि गणितात किती होते?

कोपरखैरणेची आई (सकाळी ९:३४)
विज्ञान ९३, गणित ७१.

रबाळेकर (सकाळी ९:३६)
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं हो ताई!

घणसोली सेक्टर ७ (सकाळी ९:५०)
७१ म्हणजे काही वाईट नाहीत. भाग १ आणि भाग २ मध्ये वेगवेगळे किती ते बघा, भूमिती चांगली असेल तर फिजिक्स जमतं. माझ्या मुलालाही ७४ होते.

सकाळची ६:१२ (सकाळी १०:१०)
तुम्ही कोपरखैरणेहून ठाण्याला रोज पाठवणार का? ट्रान्स हार्बर लोकल सकाळी खच्चून भरलेली असते, घणसोली-रबाळे-ऐरोलीला अजून चढतात, आता दिघा गाव स्टेशन पण झालंय. ठाण्याला ९-१० नंबरला उतरून पुलावर चढायलाच दहा मिनिटं. प्रॅक्टिकल कुठल्या विषयाला दुपारनंतर असतात ते विचारून घ्या, माझ्या बहिणीला संध्याकाळी सहाला घरी यायला व्हायचं आणि मग क्लास.

चेंदणीवाला (सकाळी १०:२२)
लेडीज स्पेशल डबा पुढचा पकडायला सांगा. आणि ठाण्याला कॉलेज म्हणजे मामलेदारची मिसळ आलीच, आम्ही प्रॅक्टिकल संपलं की तिथेच. मध्यम तिखट सांगायची, तिखट सांगितलं की पुढचं लेक्चर गेलं.

सकाळची ६:१२ (सकाळी १०:२५)
मध्यमपण झेपत नाही बाहेरच्यांना.

टायअपविरोधी (सकाळी ११:००)
विषय कुठलाही घ्या पण क्लासशी टायअप असलेलं कॉलेज नको. माझ्या भाच्याचं नाव एका कॉलेजात आणि तो दिवसभर क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांत त्याने टायट्रेशन एकदा केलं, तेही बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी, ब्युरेट कसा धरायचा माहीत नाही. सव्वा तीन लाख भरले होते ताईने.

पीसीएमबी_पालक (सकाळी ११:१८)
सगळे टायअप वाईट नसतात. माझी मुलगी तिथूनच मेडिकलला गेली. नीटची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) तयारी साध्या कॉलेजात होत नाही, स्टेट बोर्डाची पुस्तकं वेगळी आणि नीट केंद्राच्या एनसीईआरटी पुस्तकांवर, हे क्लासवालेच सांभाळतात.

टायअपविरोधी (सकाळी ११:२१)
सांभाळतात म्हणजे आठवड्याला टेस्ट घेतात.

पीसीएमबी_पालक (सकाळी ११:२६)
टेस्टच लागते. ठीक आहे, तुमचा अनुभव तुमच्याकडे. ताई, माझं मत एक नंबरचा चौकोन. पीसीएमबी (गणित आणि बायो दोन्ही) ठेवलं की राज्याच्या प्रवेश परीक्षेचे, एमएचटी-सीईटीचे, दोन्ही ग्रुप (गणिताचा पीसीएम, बायोचा पीसीबी) देता येतात, नीटपण देता येते, दार कुठलंच बंद नाही. बारावीपर्यंत मुलं तीनदा बदलतात.

घणसोली सेक्टर ७ (सकाळी ११:४०)
दार उघडं ठेवण्याच्या नादात मूल चारही विषयांत मागे राहतं हेही पाहिलंय. ज्याला इंजिनिअरिंग करायचंय त्याने बायोच्या आकृत्या का काढायच्या?

जर्नल तपासणारी (दुपारी १२:०५)
ज्याला करायचंय त्याने. हिला करायचंय का, हेच अजून कुणाला माहीत नाही.

कोपरखैरणेची आई (रविवार, रात्री ९:१५)
मॅडम, तुमचं ऐकून काल दुपारी तिला घेऊन बसले, हे बाहेर गेले होते. आधी काहीच बोलेना. मग तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. आमच्या सोसायटीत मीटर रूमच्या मागे मांजरीला चार पिल्लं झाली होती मार्चमध्ये, दहावीची परीक्षा चालू असताना. एकाचा डोळा चिकटून बंद झाला होता. ही रोज पेपरहून आली की कोमट पाण्यात कापूस बुडवून त्याचा डोळा पुसायची आणि तारखेसकट फोटो काढून ठेवायची, आज एवढा उघडला, आज एवढा. नऊ फोटो आहेत. मला वाटायचं खाली मैत्रिणींकडे जाते. तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय. सातवीपासून. बाबांना सांगितलं तर हसतील म्हणून बोलली नाही. मी आज दिवसभर अस्वस्थ आहे, दोन नंबरवर पेन्सिलने खूण करून ठेवली होती मी. आता मला सांगा, बायफोकल घेतलं तर हे होऊ शकतं का? यांना कसं सांगू?

रबाळेकर (रात्री ९:२२)
दोन नंबर खोडा आधी. व्हेटला बायो लागतंच, प्रवेश नीटच्या मार्कांवर.

उदगीरहून (रात्री ९:४४)
माझा भाऊ व्हेटनरी करतोय म्हणून लिहितो. कोर्सचं नाव बीव्हीएससी अँड एएच, साडेपाच वर्षं, शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. आपल्या राज्यातली सरकारी व्हेटनरी कॉलेजं नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ वगैरे. मुंबईचं परळला आहे, १८८६ चं. जवळ म्हणून तिला एकदा तिकडचा दवाखाना दाखवून आणा, नुसती मांजरं-कुत्री नसतात, गायी-म्हशी, घोडे, पोस्टमॉर्टेम सगळं करावं लागतं. भाऊ पहिल्या वर्षी म्हशीला घाबरायचा, आता कोपरापर्यंत हात घालून गाभण आहे का सांगतो. हे बघूनही तिला करायचं असेल तर मग बघायला नको.

घणसोली सेक्टर ७ (रात्री ९:५८)
असं असेल तर मी माझा सल्ला मागे घेतो. फक्त एक, २०२३ च्या नोव्हेंबरात एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) काढलं होतं ना की बायो बारावीनंतर जादा विषय म्हणून दिलं तरी चालेल? मग आत्ता सीएस घेऊनही...

जर्नल तपासणारी (रात्री १०:०६)
ते एमबीबीएसचं. व्हेटचे नियम वेगळ्या कौन्सिलचे, एकाचा नियम दुसऱ्याला लावून मुलीचं वर्ष पणाला लावू नका. आणि नियम सोडा, नीटचं गणित बघा. १८० प्रश्न, त्यातले ९० बायोचे, ७२० पैकी ३६० मार्क. जो विषय अर्धी परीक्षा आहे तो दोन वर्षं सोडून नंतर एकटीने वाचायचा?

पीसीएमबी_पालक (रात्री १०:१५)
म्हणजे एक नंबर. गणित ठेवा, आधार असतो.

टायअपविरोधी (रात्री १०:१९)
७१ वाल्या मुलीला गणित कशाला? तीन नंबर. जिऑग्राफी घेऊन तो वेळ बायोला द्या.

पीसीएमबी_पालक (रात्री १०:२४)
नीट नाही निघाली तर? तेव्हा गणित नसलं की इंजिनिअरिंग बंद, पायलट बंद.

उदगीरहून (रात्री १०:३१)
पायलट कुठून आलं? बीएससी अॅग्री, बीफार्म पीसीबीवर होतं. नर्सिंगची वेगळी सीईटी असते. पीसीबीवाल्याचं काही अडत नाही. भावाने गणित सोडलं होतं.

जर्नल तपासणारी (रात्री १०:४०)
एक आणि तीन दोन्ही बरोबर आहेत, दोन्हीत बायो आहे. गणित झेपतंय का हे तीच सांगेल. भाषेच्या जागी आयटी घेतलं तर लिखाण कमी, परीक्षा कम्प्युटरवरच होते, आणि ताई, बाबांना सांगायला तेवढंच कम्प्युटरही आलं.

कॉमर्स_प्रश्न (रात्री १०:४४)
इथेच विचारतो, माझ्या मुलाला अकरावी कॉमर्सला एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) की मॅथ्स यात गोंधळ आहे. काय घ्यावं?

सीए_नौपाडा (रात्री १०:४५)
मॅथ्स! फाउंडेशनचा तिसरा पेपर क्वांटिटेटिव्ह आहे. किती मार्क होते दहावीला?

रबाळेकर (रात्री १०:५०)
वेगळा धागा काढा हो, ताईंचा फॉर्म उद्या आहे.

कोपरखैरणेची आई (सोमवार, दुपारी १:२०)
फॉर्म दिला. काल रात्री जेवणं झाल्यावर तिला म्हटलं तूच दाखव बाबांना, तिनं ते नऊ फोटो एकामागून एक दाखवले. हे हसले नाहीत. बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग विचारलं पिल्लू आता कुठे आहे. तळमजल्यावरच्या आजींनी घेतलंय. मग म्हणाले ठीक आहे, पण गणित सोडायचं नाही, बारावीपर्यंत मी स्वतः घेईन रोज अर्धा तास. ती हो म्हणाली. तर एक नंबर, आयटीसकट, खूण तिनं स्वतः पेनाने केली. खिडकीवरच्या सरांनी दोनदा विचारलं, बायफोकल नको ना नक्की, सीट पुढच्याला जाईल. ती म्हणाली जाऊ दे सर.

मॅडम, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. उदगीरचे दादा, परळला शनिवारी बाहेरच्या माणसांना आत बघू देतात का, की आधी कुणाला विचारावं लागतं? भाऊंना विचारून सांगाल का. आम्ही तिघंही जाणार आहोत.